टॅपलोबाईंचा जंत

ओमानमधल्या सहमच्या मासळीबाजारात टॅपलोबाई आल्या की मासे कापणाऱ्यांचे हात थांबायचे. बाई एक हामूर मासा निवडायच्या. चांगला ताजा, लालभडक कल्ल्यांचा. तो साफ करायला द्यायच्या. मग त्याची आतडी, जठर, काळीज असं सगळं झाकणाच्या डब्यात अलगद भरून घ्यायच्या आणि साफ केलेला मासा शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या हातात ठेवून चालू लागायच्या.

तिथे मासे कापणारे दाऊदभाई मूळचे दाभोळचे. बाईंची सहायक म्हणून गेलेली मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत मला बाजूला घेतलं. "ही बाय येडी नाय हां," ते म्हणाले. "शिकलेली हाय. पण मासा वाटून टाकते नि घाण घेवन जाते, असा गिऱ्हाईक मी उभ्या जल्मात नाय बघलाय."

मी त्याचा इंग्रजी तर्जुमा बाईंना सांगितला. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "त्याला सांग, मासा म्हणजे नुसता पत्ता. माझं काम तिथे राहणाऱ्यांशी आहे."

तिथे राहणारे म्हणजे जंत. डॉ. हिलरी टॅपलो या प्राणिशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांनी उभं आयुष्य माशांच्या पोटातल्या जंतांवर घालवलं. तरुणपणी एका वर्षाच्या करारावर ओमानला आल्या होत्या, शेळ्यांच्या पोटातले जंत तपासायला. ते वर्ष तीस वर्षं चाललं. शेळ्या मागे पडल्या, समुद्र आला. मी त्यांच्या हाताखाली शेवटची सहा वर्षं काम केलं. त्या इंग्रजीत बोलायच्या, बाजारात एक मजेशीर हिंदी बोलायच्या, आणि तीस वर्षांत अरबी फक्त कामापुरती शिकल्या होत्या. आपला निबंध एखाद्या नियतकालिकाकडे पाठवला की "इन्शाल्ला" आणि तो नापसंत होऊन परत आला की "खलास".

लग्नानंतर मी पुण्याहून मस्कतला आले, तेव्हा माझ्याजवळ प्राणिशास्त्राची एम.एस्सी. होती आणि वादी अदाईतल्या दोन खोल्यांत तिला काही काम नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मत्स्यसंशोधनाच्या एका प्रयोगशाळेत सहायकाची जागा निघाली. मुलाखतीला माझ्या आधी तिघे होते, त्यातले दोघे पीएच.डी. बाईंनी नाव, गाव काही विचारलं नाही. काचेची एक बशी पुढे सरकवली. "किती आहेत?"

बशीतल्या पाण्यात पांढरे, दोऱ्यासारखे जंत होते. मी बराच वेळ बघत बसले. म्हटलं, "सात. आठवा दोरा आहे. सुती."

आधीच्या तिघांनी आठ सांगितले होते. बाईंनी ड्रॉवर उघडून दोऱ्याचं रीळ दाखवलं आणि म्हणाल्या, "रविवारपासून ये."

घरी नवऱ्याला, मिलिंदला, सांगितलं. तो खूश झाला, फक्त म्हणाला, "लोकांना सांगताना मरीन बायॉलॉजी म्हणू." पुढे सहा वर्षं मंडळाच्या गणेशोत्सवात, दिवाळीच्या फराळाला, कोणीही विचारलं तरी तो ते दोन शब्द पुढे करायचा. मुलीला, ईराला, मात्र असला आडपडदा नव्हता. तिने शाळेत सांगितलं, "माय मॉम काउंट्स वर्म्स," आणि घरी येऊन मराठीत विचारलं, "आई, आपण गरीब आहोत का?"

बाईंनी वाटलेले मासे बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचे. आमचं कुलकर्ण्यांचं घर शाकाहारी. पहिला हामूर मी शेजाऱ्यांना दिला, दुसराही दिला. तिसऱ्या वेळी मिलिंद म्हणाला, "असा रोज रोज चांगला मासा लोकांना द्यायचा म्हणजे..." आणि वाक्य अर्धवट सोडून यूट्यूबवर तळायची कृती शोधायला लागला. बाई स्वतः मासे खात नसत. मी एकदा कारण विचारलं. मला वाटलं होतं, इतकी वर्षं ते जंत बघून किळस आली असेल. त्या म्हणाल्या, "किळस? छे. पण दुसऱ्याचं घर कसं खायचं?"

बाईंचं लेखन हा एक वेगळाच विषय होता. त्यांचा मुख्य ग्रंथ म्हणजे या समुद्रातल्या जंतांची सविस्तर नोंद. तो जाडजूड ग्रंथ छापून झाला, पण विकला गेला नाही. त्याच्या बऱ्याच प्रती बाईंच्या अल-खुवैरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली रचलेल्या होत्या. टीव्ही त्यामुळे योग्य उंचीवर आला होता. बाई म्हणायच्या, "ग्रंथाचा उपयोग होत नाही असं कोण म्हणतं?"

एका प्रकाशकाने त्यांना सामान्य वाचकांसाठी छोटं पुस्तक लिहायला सांगितलं होतं. ते त्यांनी मनापासून लिहिलं. प्रकाशकाने पाहिलं, घाबरला, आणि मुखपृष्ठावर उडी मारणारा डॉल्फिन घातला. आत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जंत. ज्यांनी मुलांच्या वाढदिवसाला ते पुस्तक घेतलं, त्यांची पत्रं बाईंनी एका फायलीत जपून ठेवली होती. फायलीवर लिहिलं होतं, 'वाचकांचा प्रतिसाद'.

मी माझ्या पहिल्या निबंधाचा मसुदा लिहून दिला तेव्हा त्यात एका जंताच्या रचनेला 'सुंदर' म्हटलं होतं. बाईंनी तो शब्द लाल पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, "किती मिलिमीटर?"

त्यांचा खास अभ्यास काटेतोंड्या जंतांचा. या जंताला सोंड असते, सोंडेवर ओळीने आकड्यांसारखे बारीक काटे. ते काटे माशाच्या आतड्यात रुतवून तो आयुष्यभर लटकत राहतो. जातीजातीत फरक मुख्यत्वे या काट्यांच्या संख्येवरून करतात. अडचण अशी की जंत आतड्यातून सोडवला की तो दचकतो आणि सोंड आत ओढून घेतो, पायमोजा उलटा करावा तशी. तशाच अवस्थेत त्याच्यावर फॉर्मॅलिन ओतलं तर आतले काटे आतच राहतात आणि मोजणी चुकते. म्हणून बाईंचा नियम होता : जंत गार पाण्यात घालायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. गारव्यात तो सैलावतो आणि आपण होऊन सोंड बाहेर सोडतो. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला बाई हे सांगायच्या. "जंताला घाई नसते. ती आपल्याला असते, आणि आपण ती त्याच्या नावावर घालतो."

याच रीतीने त्यांनी एक नवी जात शोधून तिला दाऊदभाईंचं नाव दिलं होतं, कारण तो जंत त्यांनी कापलेल्या माशात मिळाला होता. शास्त्रीय नाव छापून आलं तेव्हा मी तो कागद सहमला नेऊन दाखवला. दाऊदभाईंनी हात धुतले, पुसले, कागद दोन हातांत धरला. "माझे नावाचा जंत?" ते बराच वेळ त्या रेखाचित्राकडे बघत राहिले. "गावाला कळवू काय नको, तां जरा विचार करून बघतंय."

बाईंची कीर्ती मात्र दाऊदभाईंच्या जंतावर नव्हती, ती होती टॅपलोंच्या जंतावर. ओमानला आल्यावर पहिल्याच वर्षात त्यांना हामूरच्या पोटात एक काटेतोंड्या सापडला. काटे कमी, कोणत्याच माहीत असलेल्या जातीशी न जुळणारे. त्यांनी त्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं. वडील लिंकनशरमध्ये गुरांचे डॉक्टर होते आणि जातीला नाव मिळायच्या वर्षभर आधी वारले होते. हा जंत जगात फक्त याच समुद्रात मिळतो, असं बाईंनी लिहिलं आणि सगळ्यांनी मानलं. त्यावर त्यांना मुदतवाढ मिळाली, पुढे ग्रंथ झाला. आमच्या प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकावरही तोच जंत होता, मोठा करून, निळ्या पार्श्वभूमीवर. आमचे मुदीर, म्हणजे संचालक, पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचे, "हा आमचा स्वतःचा."

माझ्या पाचव्या वर्षी आम्ही जुन्या नोंदी ताज्या नमुन्यांवर पुन्हा तपासायला घेतल्या. हामूरचं काम माझ्याकडे होतं. सहमहून आणलेले जंत मी गार पाण्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली काटे मोजले. जास्त भरले. पुन्हा मोजले. दुसरा जंत घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांच्या सोंडेच्या बुडाशी काट्यांच्या अशा ओळी होत्या, ज्या बाईंच्या वर्णनात नव्हत्याच. त्या धरल्या तर हा जंत नवा उरतच नव्हता. भारताच्या किनाऱ्यावरून कितीतरी आधी नोंदलेली एक साधी जात होती ती. आणि एकाच जिवाला दोन नावं असली की जुनं टिकतं, नंतरचं रद्द होतं, हा आमच्या शास्त्राचा नियम.

मी स्लाइड डब्यात घातली आणि डबा ड्रॉवरमध्ये.

घरी मिलिंदला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझं कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या सहीने होतं?"

"बाईंच्या."

"मग काटे कोणी मोजलेत?"

"मी."

"मग नको मोजूस," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही. आखातात आल्यापासून त्याने स्वतःच्या कंपनीत असं बरंच काही न मोजता सोडून दिलं होतं, त्या अनुभवातून बोलत होता.

मी तीन आठवडे गप्प बसले. त्या तीन आठवड्यांत इतर माशांचं काम मी इतक्या झपाट्याने उरकलं की मुदीरांनी कौतुकाची ई-मेल पाठवली. चौथ्या आठवड्यात बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तू हामूर टाळते आहेस."

मी ड्रॉवर उघडला, डबा काढला, स्लाइड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बसल्या. मी समोर उभी. त्या मोजताना ओठ हलवायच्या. ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून हलत होते. मग त्या उठल्या, कपाटातून त्यांच्या पहिल्या वर्षाच्या जुन्या स्लाइड काढल्या. काचेवरचा चिकटद्रव पिवळा पडला होता. त्या एकेक करून बघितल्या. शेवटची बघून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बघ तू."

मी पाहिलं. आता माहीत असल्यामुळे लगेच दिसलं. प्रत्येक जंताची सोंड बुडाशी थोडी आत वळलेली होती.

"माझ्याजवळ फ्रिज नव्हता," बाई म्हणाल्या. "किनाऱ्यावर तंबू, जून महिना. आणि दुसऱ्या देशाचं एक संशोधनाचं जहाज याच माशांसाठी येणार असं कानावर होतं. मी सरळ फॉर्मॅलिन ओतलं." चष्मा पुसत म्हणाल्या, "ते जहाज आलंच नाही."

मी म्हटलं, "मॅडम, हे अजून कोणालाच माहीत नाही."

"जंताला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "लिहायला घे."

"तुम्ही लिहा ना. मी मदत करते."

"चूक माझी आहे, शोध तुझा आहे. नाव आधी तुझं लागेल, नंतर माझं. यल्ला, लाग कामाला."

बातमी मुदीरांच्या कानावर गेली. ते स्वतः आमच्या खोलीत आले, कहवा मागवला, खजूर पुढे केले. अतिशय सज्जन माणूस. "डॉक्टर," ते म्हणाले, "चूक सुधारायलाच हवी. पण माहितीपत्रक नुकतंच छापलंय. तुमच्या मुदतवाढीचा कागदही वर गेलाय. एक वर्ष थांबू. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

"मी तीस वर्षं थांबवलंय ते," बाई म्हणाल्या. "माझ्या हिशेबाने उशीर झालाय."

निबंध आम्ही दोन महिन्यांत लिहिला. शेवटी ते एक वाक्य यायचं होतं, ज्याने नाव अधिकृतपणे रद्द होतं. छोटंसं, ठरावीक साच्याचं वाक्य. बाई म्हणाल्या, "ते तू टाइप कर." आणि उठून खिडकीशी गेल्या. खिडकीतून वाहनतळाखेरीज काही दिसत नव्हतं. मी टाइप केलं. तिथे त्यांच्या वडिलांचं नाव लिहायचं, स्वल्पविराम द्यायचा आणि ते रद्द म्हणायचं, एवढंच होतं. पण माझी बोटं आडनावावर दोनदा चुकली.

पाठमोऱ्या बाई म्हणाल्या, "बाबांचं निदान कधी चुकलं आणि गाय दगावली, तर ते दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याकडे जायचे. मला गाडीत घेऊन जायचे. दार वाजवायचे, टोपी काढायचे आणि सांगायचे की चूक माझी झाली. एका शेतकऱ्याने कुत्रं अंगावर सोडलं होतं." मग वळून विचारलं, "झालं टाइप?"

"झालं."

"स्वल्पविराम दिलास?"

"दिला."

"मग खलास," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवायच्या सुट्टीआधी घरी गेल्या.

निबंध छापून आला आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. तीस वर्षं बाईंनी जे जे लिहिलं ते ज्यांनी वाचलं नव्हतं, त्या सगळ्यांनी हा निबंध वाचला. इंग्लंड, जपान, ब्राझील, कुठून कुठून पत्रं आली. बाईंना इतके वाचक आयुष्यात मिळाले नव्हते. मला एका परिषदेत बोलवलं. तिथे एका प्राध्यापकाने माझी ओळख करून दिली, "टॅपलोंना खोटं पाडणाऱ्या त्या याच." टाळ्या झाल्या. टाळ्यांत सर्वांत मागच्या रांगेतून बाईंच्याही होत्या, आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजत राहिल्या.

बाईंना मुदतवाढ मिळाली नाही. त्याचा निबंधाशी संबंध नाही असं सर्वांनी सांगितलं, आणि तसा कागदोपत्री नव्हताच. वयाचा नियम होता. तो आधीही होता. दरवर्षी त्यांच्यासाठी अपवाद व्हायचा, त्या वर्षी झाला नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र आणखी दोन वर्षांसाठी वाढलं, पगारासकट. मिलिंद नंतर एकदा जेवताना आपण होऊन म्हणाला, "बरं केलंस, मोजलेस ते." माहितीपत्रक नवं निघालं. त्यावर आता प्रवाळ आहे.

जायच्या आधी बाई सहमला निरोप घ्यायला गेल्या. मी बरोबर होते. दाऊदभाईंना वाटेत मी फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ते चिंतेत होते. त्यांनी मला आधी बाजूला घेतलं. "बाय, त्येचे बापाचा नाव काढून टाकला ना? मग माझा ऱ्हायला काय गेला?"

मी बाईंना विचारलं. बाईंनी दाऊदभाईंचा ओला हात आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या त्या हिंदीत ठासून सांगितलं, "दाऊद पक्का. दाऊद को ठंडा पानी में रखा था."

दाऊदभाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. ते मला म्हणाले, "बाईंना सांग, बापाचे जागेवर माझा काढला असता तरी चाललां असतां." मी ते सांगितलं. बाईंनी मान फिरवली. गाडीत बसल्यावर त्यांनी बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

त्या लिंकनशरला बहिणीकडे राहायला गेल्या. दर आठवड्याला ई-मेल यायची. थंडीबद्दल तक्रार नसायची. बहिणीच्या बागेत येणाऱ्या साळूसारख्या एका छोट्या प्राण्याच्या फुप्फुसातल्या जंतांबद्दल मात्र भरभरून असायचं. बहीण त्यांना स्वयंपाकघरातला फ्रिज वापरू देत नाही, ही एकच खंत. दीड वर्षाने एका आठवड्यात ई-मेल आली नाही. पुढच्या आठवड्यात आली ती बहिणीची होती. झोपेतच गेल्या होत्या.

काही महिन्यांनी जंतांच्या अभ्यासकांच्या एका संस्थेच्या वार्तापत्रात बाईंवर मृत्युलेख आला. कोणा वयस्कर सहकाऱ्याने प्रेमाने लिहिलेला. बाईंची चिकाटी, ओमानचं ऊन, सगळं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की त्यांचं सर्वांत मोठं योगदान म्हणजे हामूरच्या पोटात शोधलेली, वडिलांच्या नावाची, फक्त त्या समुद्रात मिळणारी जात. म्हणजे जगभर वाचला गेलेला त्यांचा तो एकच निबंध या एकाच माणसाने वाचला नव्हता.

मी दोन दिवस तो मृत्युलेख उघडत आणि मिटत होते. मिलिंद म्हणाला, "असू दे ना. गेलेल्या माणसाचं चांगलं छापलंय. वडिलांचं नावही राहतंय तेवढंच." खरं होतं ते. मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी संपादकांना पत्र लिहिलं. चारच ओळी. ती जात आता मानली जात नाही, ती आधीच्याच जातीचं दुसरं नाव ठरली आहे, आणि ही दुरुस्ती डॉ. टॅपलो यांनी हयातीत, स्वतःच्या सहीने केली होती.

पुढच्या अंकात चौकट आली. पहिल्या ओळी जशाच्या तशा होत्या. शेवटचं वाक्य जागेअभावी गाळलं होतं. खाली फक्त माझं नाव. आता नुसती चौकट वाचणाऱ्या जंतवाल्यांना वाटतं की वैशाली कुलकर्णीने एका मेलेल्या बाईची चूक काढली. दोघांनी तर अभिनंदनही कळवलं.

संपादकांना मी पुन्हा लिहिलं, उत्तर आलं नाही. म्हणून ते गाळलेलं वाक्य मी माझ्या भाषेत लिहून ठेवते, जिथे ते वाचून कोणाला काही फरक पडणार नाही : ती चूक टॅपलोबाईंनी स्वतः दुरुस्त केली. त्या तेव्हा जिवंत होत्या, नोकरीत होत्या, आणि त्यांना कोणीही जाब विचारलेला नव्हता.